पाचशेवर फोटो सॉफ्ट का येतो, आणि पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवायची

प्रश्न असा आहे. डोंबिवलीच्या एका ताईंनी निकॉनची २००-५०० एमएम एफ/५.६ ही लेन्स सेकंडहँड घेतली. डी७५०० कॅमेऱ्याला लावून फेब्रुवारीत भिगवणला गेल्या आणि रोहित पक्ष्यांचे सातशेच्या वर फोटो काढले. ३०० एमएम झूमपर्यंतचे बरे आले, ५०० वरचे जवळजवळ सगळे सॉफ्ट, म्हणजे धूसर. विकणाऱ्याने गंडवलं का? लेन्स सर्व्हिसला टाकू का? पुढे यूव्ही फिल्टर लावू का? आणि आमच्याकडे जून लागला की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांनाही पांढरी बुरशी धरते, तिथे या लेन्सचं काय करू? सोबत सहा फोटोंच्या मूळ फाइली पाठवल्या आहेत.

ताई, सर्व्हिसला टाकू नका. निदान इतक्यात नको. गेली बावीस वर्षं मी लेन्स उघडून दुरुस्त करतो आणि रविवारी स्वतः पक्ष्यांमागे हिंडतो. ‘सॉफ्ट येतेय’ म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक टेलिफोटो मी एक स्क्रूही न काढता परत दिल्या आहेत. तुमच्या फाइलींमध्ये मी सगळ्यात आधी वेळ बघितली. पहिला फोटो १०:५२ चा, शेवटचा १:१० चा. माझं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

आता तिसरा फोटो पूर्ण मोठा करून रोहितचे पाय बघा. काठीसारखे सरळ दिसायला हवेत, ते पाण्यात सोडलेल्या सुतळीसारखे वळवळलेत. लगेच चौथा उघडा. पक्षी तोच, जागा तीच, एक सेकंदाचाही फरक नाही, पण आता पाय सरळ आणि मानेची कड दुहेरी. बिघडलेली लेन्स अशी दर फोटोला वेगळी चूक करत नाही. या उन्हाच्या झळा आहेत. पाण्यावरची आणि काठाच्या मातीवरची हवा तापते, गरम-थंड थर एकमेकांत मिसळत वर चढतात आणि त्यांतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला वाकत राहतो. शेगडीच्या वरून पलीकडची भिंत बघितली की ती थरथरताना दिसते, तेच इथे शंभर मीटरभर चाललेलं असतं. २०० वर ही थरथर फोटोत इतकी बारीक उमटते की कळत नाही. ५०० वर पक्षी अडीचपट मोठा होतो तशी थरथरही अडीचपट होते. तुमचे कमी झूमचे फोटो ‘बरे’ दिसले ते यामुळे.

सॉफ्ट फोटोचं निदान करायची माझी एक रीत आहे, ती सांगतो. कॅमेरा हलला असेल तर फोटोतलं सगळं एकाच दिशेला ओढलेलं दिसतं, पाण्यावरचा चमकणारा ठिपकासुद्धा छोटी रेघ होतो. फोकस चुकला असेल तर पक्षी धूसर असतो, पण पुढचा किंवा मागचा एखादा दगड, गवताचं पातं, काहीतरी लख्ख असतं. आणि कुठेच काही लख्ख नाही, शिवाय दर फोटोला धूसरपणाचा आकार बदलतोय, म्हणजे हवा. तुमच्या सहापैकी चार फोटो हवेचे आहेत, एक हात हललेला आहे आणि एक चक्क चांगला आहे. तो चांगला फोटो कोणता हे तुम्हालाही माहीत असेल: नावेच्या अगदी जवळून गेलेला कवड्या धीवर. तोही ५०० वर, तोही भर उन्हात. मधली हवा कमी, त्यामुळे पिसं मोजता येतील असा आलाय. लेन्स खराब असती तर तिने या कवड्यावर मेहेरनजर केली नसती.

म्हणून पहिला उपाय फुकटातला: अंतर कमी करा. रोहित साधारण सव्वा ते दीड मीटर उंच. १०० मीटरवरून ५०० एमएमने टिपला तर तुमच्या सेन्सरवर तो साडेसहा मिलिमीटरचा उमटतो, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या चाळीस टक्के, दीड हजार पिक्सेल. ऐकायला भरपूर वाटतं, पण मध्ये शंभर मीटर उकळती हवा आहे. तोच ६० मीटरवर आला की फ्रेमचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग भरतो. टेलिफोटो घेतली की ‘आता लांबूनही चालेल’ असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं होतं. खरं म्हणजे ही लेन्स लांबच्या मोठ्या प्राण्यापेक्षा जवळच्या छोट्या पक्ष्यासाठी जास्त कामाची आहे. फक्त नाव पक्ष्यांच्या अंगावर घालायची नाही. नावाड्याला दोन पैसे जास्त द्या पण थवा उठवायला सांगू नका. तो इंजिन बंद करून बांबूने रेटत नेईल तेवढंच पुढे जायचं.

दुसरा उपाय वेळेचा. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळकडे पहाटे पोहोचा आणि सूर्योदयानंतरचे दोन तास वापरा. नऊ-साडेनऊनंतर लांबचे फोटो सोडून द्या, चहा-पोहे घ्या. हिवाळ्यात मात्र एक गंमत होते. कडाक्याच्या थंडीत तिथलं उजनी धरणाचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, वर वाफ तरंगत असते, आणि तेव्हाही पाण्यालगतचं लांबचं दृश्य थरथरतं. म्हणून ‘सकाळ म्हणजे लख्ख’ असं गृहीत धरू नका. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्ष्याची कड दोन सेकंद टक लावून बघा. ती नाचत असेल तर बटण दाबून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. गाडीत तापलेली लेन्स बाहेर गारव्यात काढली की पहिली वीस मिनिटं ती स्वतःच शेगडीसारखी असते. हूडच्या, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्यात गरम हवा घोटाळत राहते आणि झळा थेट काचेसमोरच तयार होतात. एसी लावलेल्या गाडीच्या खिडकीतून, किंवा तापलेल्या बॉनेटवरून नेम धरला तरी तेच. लेन्स आधी बाहेरच्या हवेला सरावू द्या, घाई असेल तर हूड काढून बघा. एवढ्याने फरक पडलेला मी पाहिलाय.

तरी मनातून शंका जात नसेल, तर घरी परीक्षा घ्या. सकाळी आठच्या आत, सावलीत, वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान गच्चीच्या भिंतीला सपाट चिकटवा. दहा मीटरवर ट्रायपॉड, लेन्सचा पाय ट्रायपॉडला घट्ट, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली यंत्रणा) बंद, सेल्फ टायमर लावलेला. आता लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून २००, ३५०, ५०० वर एफ/५.६ (भोक पूर्ण उघडं) आणि एफ/८ (भोक जरा लहान) ला एकेक फोटो घ्या. मग हेच सगळं व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून. लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेरा थेट सेन्सरवरच्या चित्रावरून फोकस करतो, व्ह्यूफाइंडरमध्ये आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवरून. पहिले लख्ख आणि दुसरे धूसर आले तर काच चांगली आहे, फोकसची जुळणी सरकली आहे, आणि डी७५०० च्या मेनूत एएफ फाइन ट्यून आहे, तिथे ती तुम्हालाच सुधारता येते. दोन्हीकडे अक्षरं वाचता येत नसतील, किंवा पानाची एकच बाजू धूसर असेल, तर आतली एखादी काच तिरकी बसली असू शकते. मग जरूर सर्व्हिसला. या लेन्सचा ५०० वरचा फोटो एफ/५.६ ला थोडा मवाळ आणि एफ/८ ला किंचित कडक येतो, तेवढा फरक धरून चाला.

हाताबद्दल. लेन्स २३०० ग्रॅमची, कॅमेरा ७२० ग्रॅमचा, म्हणजे तीन किलोचं तान्हं बाळच. उचलायचंही तसंच: डावा तळवा लेन्सखाली, कोपर बरगडीला टेकलेलं, आणि वजन कधीही कॅमेऱ्यावर लटकवायचं नाही. पट्टा कॅमेऱ्याच्या कड्यांना न लावता लेन्सच्या कॉलरला किंवा पायाला लावा. कॅमेऱ्याला धरून लेन्स लोंबत ठेवणाऱ्यांचे माउंट सैल झालेले मी बघतो, आणि ते दुखणं हळूहळू येत असल्यामुळे मालकाला कळतही नाही. शटरचा हिशेब तुमच्यासारख्या क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरवर ५०० गुणिले दीड, म्हणजे १/७५० सेकंदाहून वेगवान. मी १/१००० खाली जात नाही, उडणाऱ्या पक्ष्याला १/२०००. उजेड कमी असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० करा, ३२०० करा. दाणे आलेला फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.

व्हीआर तुमचा हात स्थिर करतो, पक्ष्याला नाही, हे ध्यानात असू द्या. बसलेल्या पक्ष्याला नॉर्मल, उडणाऱ्याच्या मागे लेन्स फिरवताना स्पोर्ट. बटण अर्धं दाबून चित्र शांत होईपर्यंत अर्धा सेकंद थांबा, मग पूर्ण दाबा. व्हीआर काम करत असताना कॅमेरा बंद करू नका आणि लेन्स काढू नका, आतली काच तशीच मोकळी राहते. ‘लेन्स हलवली की खडखडते’ म्हणून घाबरून आलेले लोक मी परत कॅमेऱ्याला लावून, चालू करून, व्हीआर शांत झाल्यावर बंद करून घरी पाठवलेत.

आणि लेन्सच्या बाजूला फोकस लिमिटरची कळ आहे, तिच्यावर नजर ठेवा. एका बाजूला फुल, दुसरीकडे अनंत ते ६ मीटर, म्हणजे सहा मीटरच्या आतलं ती बघतच नाही. एकदा कवडीपाटला माझ्यासमोर चार मीटरवर खंड्या मासा आपटत बसला होता आणि लेन्स मागेपुढे घरघर करत होती, फोकस काही होईना. पाच मिनिटं मी तिला शिव्या दिल्या. कळ ६ मीटरवर होती. खंड्या मासा गिळून उडाला तेव्हा मला ती दिसली. फुलवर ही लेन्स २.२ मीटरपर्यंत जवळ जाते, फुलपाखरंसुद्धा निघतात. फक्त जवळ गेल्यावर लख्ख येणारी खोली फार कमी मिळते. दहा मीटरवर ५०० ला एफ/५.६ ठेवलं तर पुढून मागे जेमतेम नऊ सेंटिमीटर लख्ख येतात. चोच फोकसमध्ये आणि शेपूट धूसर, यात लेन्सचा दोष नाही. फोकस डोळ्यावर ठेवायचा, बाकीचं जाऊ द्यायचं.

ताडोबाला जाणार असाल तर ट्रायपॉड घरी ठेवा, जिप्सीत तो उघडायला जागाच नसते. कापडी बीन बॅग रिकामी न्यायची आणि चंद्रपुरात वाण्याकडून दोन-अडीच किलो मूग घेऊन भरायची. जिप्सीच्या कडेवर ती टाकून वर लेन्स टेकवा, चालकाला इंजिन बंद करायला सांगा, आणि शेजाऱ्यांना श्वास रोखायला सांगा. (सहा माणसांच्या जिप्सीत हे शेवटचं कधी जमत नाही.) परतीच्या मुगाची आमच्याकडे खिचडी होते.

आता यूव्ही फिल्टर. माझं मत स्पष्ट आहे: एरवी लावू नका. ५०० ला ५.६ ने भागलं की ८९ मिलिमीटर येतात, एवढ्या रुंद भोकातून या लेन्सला प्रकाश आत घ्यायचा असतो, म्हणून तिचा फिल्टर ९५ मिलिमीटरचा. एवढी मोठी काच दोन्ही बाजूंनी तंतोतंत सपाट घासणं स्वस्तातलं काम नाही. हजार-बाराशेच्या फिल्टरची काच जराशी जरी लहरी असली तरी ५०० वर ती चित्र बिघडवते. कमी झूमवर कळत नाही, त्यामुळे दोष लेन्सच्या माथी जातो. सेकंडहँड लेन्स घेताना आधीच्या मालकाने ‘भेट’ म्हणून लावून दिलेला फिल्टर तुमच्याही लेन्सवर असेल तर काढून एकदा वर्तमानपत्राची परीक्षा परत घ्या. धक्क्यापासून वाचवायला हूड पुरेसा आहे. तो सावलीही करतो आणि पडल्यावर पहिला मारही खातो. फिल्टर मी दोनच ठिकाणी लावतो: समुद्राचे तुषार उडत असतात तिथे, आणि रंग-गुलाल-भंडारा उधळतात तिथे.

भंडाऱ्याचं नाव काढलं म्हणून सांगतो, कारण तुम्हीही कधीतरी जेजुरीला जालच. सोमवती अमावस्येला मी अशीच एक पुढे-मागे सरकणारी झूम घेऊन पायऱ्यांवर उभा होतो. पालखी आली, भंडारा उधळला, आसमंत पिवळा झाला. फोटो सुंदर. मी झूम लांब करत होतो, आखडत होतो, पुन्हा लांब करत होतो. या जातीच्या लेन्स झूम करताना लांब होतात तेव्हा आत हवा ओढतात आणि आखडताना बाहेर सोडतात, लोहाराच्या भात्यासारख्या. बाहेर आलेल्या नळीवर हळदीची बारीक पूड बसली होती आणि मी ती स्वतःच्या हाताने आत ढकलत होतो. संध्याकाळी झूम रिंग फिरवली तर वाळूवरून चाललेल्या चपलेसारखा आवाज आला. घरी उघडल्यावर आतल्या खाचांत ग्रीस आणि हळद यांची पिवळी लापशी झाली होती. ती काढायला दोन दिवस गेले, आणि मी स्वतः दुरुस्तीवाला असूनही पुन्हा जोडताना एकदा चुकलो. तेव्हापासूनचा नियम: धुळीत आणि गर्दीत झूम एका जागी ठेवून पायाने पुढे-मागे व्हायचं, आणि नळी बाहेर आलेली असेल तर आत घेण्याआधी कोरड्या मऊ ब्रशने झटकायची. पावसातही तेच. ओली नळी आत घेतलीत की ते पाणी आत गेलंच म्हणून समजा. आधी लांब ठेवून टिपून घ्या, मग सावकाश आखडा. सावकाश हा शब्द महत्त्वाचा, झटक्याने आखडली की हवाही झटक्याने जाते. या लेन्सला पाणी-धुळीपासून पूर्ण संरक्षण नाही, त्यामुळे रिमझिमीतही वरून प्लास्टिकची पिशवी हवीच.

आत गेलेले धुळीचे चार-दोन कण मात्र विसरून जा. ते फोटोत दिसत नाहीत. आकाशाच्या फोटोत काळे ठिपके दिसतात ते लेन्समधले नसून सेन्सरवरचे असतात. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या, लेन्स बदलून परत घ्या. ठिपके त्याच जागी असले तर लेन्स सुटली.

मग तुमचा खरा मोठा प्रश्न, डोंबिवलीचा पावसाळा.

बुरशीचे बीजाणू सगळ्या हवेत असतात, ते आत जाणं तुम्हाला थांबवता येणार नाही. त्यांना रुजायला ओल लागते. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली, जोडीला अंधार आणि हलत नसलेली हवा असली, काचेवर बोटाचं तेल किंवा धुळीचा थर असला, की झालं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात आर्द्रता ऐंशीच्या खाली यायचं नाव घेत नाही. बंद कपाट, त्यात बॅग, बॅगेत फोमचा कप्पा, कप्प्यात लेन्स, असं लोक प्रेमाने चार आवरणांत ठेवतात. फोम सादळतो आणि ती ओल धरून बसतो. एका गिऱ्हाईकाने रत्नागिरीहून आणलेली त्यांच्या वडिलांची ३०० ची लेन्स मला आठवते. चामड्याच्या सुंदर डब्यात, पाच वर्षं न उघडलेली. आतल्या दोन काचांवर कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी. मी ती पुसून काढली. पण बुरशी आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते, त्यामुळे बुरशी गेल्यावरही तिची नक्षी तशीच राहिली, टेबलावर चहाच्या कपाचा डाग राहतो तशी. उजेडाच्या दिशेने फोटो काढला की त्यावर पांढुरकी साय येई. त्या लेन्सवर एकही ओरखडा नव्हता.

तर लेन्स बॅगेतून बाहेर काढा. रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, वीस लिटरचा चालेल, फक्त आतली लांबी आधी मोजा, ही लेन्स बंद अवस्थेतही सुमारे २७ सेंटिमीटर आहे आणि हूड उलटा चढवला की डब्याची रुंदीही जास्त लागते. आत पाव किलो सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत. आणि एक छोटा आर्द्रतामापक, तीन-चारशे रुपयांत मिळतो. त्याच्याशिवाय सगळा कारभार अंदाजपंचे. काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. तिसाच्या खाली फार दिवस नको, रबर आणि वंगण सुकतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता आपोआपच इतकी कमी असते की मी डबा उघडाच टाकतो. तुमच्याकडे एप्रिलपर्यंत जरी उघडी ठेवलीत तरी मे महिन्यापासून डबा सुरू करा, पावसाची वाट बघू नका.

जेलच्या गोळ्या नारिंगी घ्या. त्या ओल धरून हिरवट झाल्या की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दीड-दोन तास भाजून परत वापरता येतात. निळ्या गोळ्यांत कोबाल्टचं विषारी क्षार असतं, त्या स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. घरगुती उपायांतला तांदूळ नको, त्याची पूड उडते आणि किडे होतात. कापूर आणि डांबराच्या गोळ्या तर मुळीच नको, त्यांची वाफ काचेवर बसते. चार-पाच लेन्स झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, एकीसाठी गरज नाही. बल्ब लावलेलं लाकडी कपाट जुने लोक वापरत, चालायचंही, पण मी तो सल्ला देणार नाही. आणि बुरशी मारायला लेन्स उन्हात ठेवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. उघडी टेलिफोटो म्हणजे ८९ मिलिमीटरचं भिंग. कॅमेऱ्याला लावलेली असेल तर आतलं काही जळेल, सुटी असेल तर सतरंजी जळेल. सूर्य टिपायचा असेल तेव्हाही पुढे खास सौर फिल्टर लावल्याशिवाय नाही, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा तर त्याशिवाय लावायचाच नाही.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वापर. पंधरा दिवसांतून एकदा तरी लेन्स काढा, झूम चार वेळा हळू फिरवा, फोकस फिरवा, दिवाणखान्यात उजेडात तासभर राहू द्या, खिडकीतल्या कावळ्याचे दोन फोटो घ्या. एसीच्या खोलीतून दमट हवेत न्यायची असेल तर बंद बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू द्या, नाहीतर थंड काचेवर क्षणात दव धरतं. बाहेरून पुसता येतं, आत धरलेलं पुसता येत नाही.

पुसण्याचं थोडक्यात सांगतो, कारण लेन्सचं नुकसान धुळीपेक्षा पुसण्याने जास्त होतं. आधी रबरी पंप. लेन्सचं तोंड खाली करून फुंकारे मारा म्हणजे कण खाली पडतात. मग अगदी मऊ ब्रश. शंभरातल्या नव्वद वेळा एवढ्यावर थांबता येतं. डाग उरलाच तर लेन्सचं द्रव एक थेंब मायक्रोफायबरच्या फडक्यावर, काचेवर थेट कधीच नाही, मध्यापासून बाहेर गोल फिरवत. ओढणी, पदर, शर्टाचं टोक आणि खिडक्या पुसायचा निळा स्प्रे बाद. खाडीवरून किंवा समुद्रावरून आलात तर बाहेरची नळी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा, मीठ राहू देऊ नका. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ठशाने फारसं बिघडत नाही, पण मागची छोटी काच जपा. तिच्यावरचा बोटाचा ठसा फोटोत उतरतो.

प्रवासात झूम २०० वर आणून लॉकची कळ लावा. दुचाकीवर जात असाल तर बॅग टाकीवर किंवा कॅरियरला बांधू नका, पाठीवर घ्या. इंजिनाची थरथर आणि आपले खड्डे लेन्समधले स्क्रू सैल करतात, पाठीवर असली की निम्मे धक्के तुमचं शरीर खातं.

सेकंडहँड घेतली आहे म्हणून आज रात्री एवढं करा. दिवे घालवा, लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, सोडून द्या. फांद्या फुटलेले धागे किंवा ढगासारखा पट्टा दिसला तर ती बुरशी, आणि मग मात्र पावसाळ्याआधी माझ्याकडे किंवा कुणाही चांगल्या माणसाकडे आणा, जूननंतर ती थांबत नाही.

आणि वर्तमानपत्राचे फोटो काढलेत की पाठवा. मेलवर, मूळ फाइली. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो टाकू नका, तिथे तो इतका चेपला जातो की माझी लेन्ससुद्धा सॉफ्ट दिसेल.